मांटा मासा अन् अंगावरची चादर, एकच शब्द कामून?

परभणीकर७:
पोरगी मोबाईलवर स्पॅनिश शिकतीय, तिला काल ‘मांता’ म्हणजे ब्लँकेट असं आलं. अन् रात्री टीव्हीवर समुद्राचा कार्यक्रम, त्यात पंखावाला मासा, मांटा रे. आता माझ्या मागं लागलीय, पप्पा मासा पांघरतात का म्हणून. आपण जायकवाडीच्या पल्याड पाणी न पाहिलेली माणसं, काय सांगावं?

गोदाकाठ:
शब्द एकच आहे. मासा चपटा, पसरट, पोहताना कडा अशा हलतात की दोरीवर वाळत घातलेली वाकळ वाऱ्यानं फडफडतीय असं वाटतं, म्हणून ते नाव. मोठ्या जातीचा ७ मीटरपर्यंत रुंद भरतो, पण खातो काय तर पाण्यातले बारीक जीव, गाळून. कोकणात पाकट म्हणतात ते ह्याच्याच भावकीतलं, फक्त त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो, मांटा डंख मारत नाही. शास्त्रवाल्यांनी २०१७ ला त्याला मोब्युला गटात घातलं, मांटा हे वेगळं खातं बंद, लोक मात्र मांटाच म्हणतात.

कोरा_चहा:
मग तो हिरवा किडा, प्रेयिंग मँटिस, तो पण ह्यातलाच ना?

गोदाकाठ:
नाही भाऊ, तो ग्रीक, भविष्य सांगणारा असा अर्थ. चादरीशी काही संबंध नाही.

कापडवाला_लातूर:
आमच्या धंद्याचं सांगतो. मेक्सिकोत मांता म्हणजे जाडंभरडं सुती कापड, आपला मांजरपाट समजा. मांतो म्हणजे झगा, शालीसारखा अंगावर घ्यायचा. बायका डोक्यावर लेसची ओढणी घेतात तिला मांतिया. अन् स्पॅनिशमध्ये ‘मांता ओढणे’ म्हणजे बिंग फोडणे, हे मला लई आवडलं, आपल्याकडं पण पांघरूण घालतातच की लोक पोराच्या चुकांवर.

शेतातला_माणूस:
पेट्रोमॅक्सचं मेंटल विसरले सगळे! तो इंग्रजी शब्द पण त्याच लॅटिन घरचा, मूळ अर्थ झगा. १८८५ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या वेल्सबाखनं ही जाळी काढली. पहिल्यांदा बांधून पेटवली की कापड जळून जातं अन् उरते ती राखेची जाळी, उजेड तीच देते, बोट लागलं की गेली. लहानपणी मी लग्नाच्या मांडवात अशा दोन मोडल्यात, मार पण खाल्लाय.

परभणीकर७:
माळ्यावर चढून बघितलं, आज्याची बत्ती आहे अन् डबीत एक मेंटल पण आहे. पोरगी म्हणते आत्ता पेटवा, आई म्हणते पोळ्याला काढू, तोवर हात लावू नका कुणी.