पंखे ओढते, पण फॉगरची मोटर लावली की जनरेटर दम तोडते

शेडवाला, आर्वी (जि. वर्धा)
रामराम मंडळी. 3,000 बॉयलर पक्ष्यांचं उघडं शेड आहे. मागच्या मे महिन्यात दुपारी अडीचला लाइन गेली, पारा 46 वर. जनरेटरची बॅटरी उतरलेली. हँडल मारून मारून खांदे गेले; इंजन धरे अन् पुन्हा बंद पडे. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. नट ढिला करून हवा काढेपर्यंत पाऊण तास गेला. पक्षी पंख पसरून, चोच वासून जाळीले चिकटले होते. 38 दिवसांचा माल, दोन-दोन किलोचा. 140 गेले. संध्याकाळी चुना टाकून पुरले, घरी कोणी जेवलं नाही.

आता बॅटरी नवीन आहे, दर रविवारी इंजन चालवून पाहतो. पण सेट 5 केव्हीएचा, सिंगल फेज. 8 पंखे आरामात ओढते. फॉगरची (पाण्याचं धुकं उडवून शेड गार करणाऱ्या फवाऱ्यांची) दीड एचपीची मोटर लावली की काळा धूर फेकते, पंखे मंदावतात अन् मोटर नुसती हुं हुं करते. दुकानदार म्हणते साडेसातचा घ्या. काहून? हिशेबात तर बसून राहिलं ना? सध्या मेन पाडतो अन् दोन्हीकडे पिन असलेली वायर सॉकेटात खुपसून लाइन देतो.

संत्रावाला, वरुड
मोटर कायले पाहिजे? उंचावर टाकी बसवा, पाणी आपोआप येईल.

रिवाइंडिंगवाला, पुलगाव
टाकीवर फॉगर चालत नाही भाऊ. त्याले 4 बार प्रेशर लागते, म्हणजे 40 मीटर उंच टाकी! हां, टिनावर कुटार-तुराट्या अंथरून टाकीचं पाणी सोडा, ते कामाचं आहे.

शेडवाले भाऊ, तुमचा सेट सलग 21-22 अँपिअर देते. पंखे 10 खातात, चालती मोटर 10. म्हणून हिशेब बसते. पण उठताना मोटर पाच-सहा पट मागते. भरलेली बंडी जागची हलवताना बैल गुडघे टेकते, तसं. उरलेल्या 12 अँपिअरात ती उठन कशी? पंखे बंद ठेवा, रिकाम्या सेटवर आधी मोटर, मग दोन-दोन पंखे. पैसे घालायच्या आधी मोटरचा कपॅसिटरही (मोटरले उठायला जोर देणारा डबा) पाहा. तो खराब झाला असन तर साडेसातच्या सेटवरही हुं हुंच करन.

खांबावरचा माणूस
मोटरचं नंतर पाहा, ती वायर आज तोडा. एखाद दिवशी घाईत मेन पाडायचं राहिलं, तर तुमचे 230 व्होल्ट डीपीतून (ट्रान्सफॉर्मरातून) उलटे चढून वरच्या तारेवर 11 हजार होतात, अन् तिथं आमच्यातला कोणी काम करून राहिला असतो. शिवाय एक पिन निसटली की पितळ उघडं, करंटसकट. दोन पोलचा चेंजओव्हर (लाइन नाहीतर जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) बसवा, फेज-न्यूट्रल दोन्ही बदलले पाहिजेत.

शेडवाला, आर्वी
चार दिवसांनी लिहून राहिलो. कपॅसिटर फुगून ढब्बू झाला होता. नवा टाकला, आधी मोटर लावली. इंजन एकदा घुरघुरलं अन् उचललं. आठही पंखे वर चढवले. साडेसातचं दुकानदाराले नाही म्हणून सांगितलं.

वायर तोडली. चेंजओव्हर वर्ध्यावरून आणला, वायरमन उद्या बसवून देते. खांबावरच्या भाऊ, त्या दुपारी मी मेन पाडला होता की नाही, मले आठवतच नाही.