विहिरीतल्या शेवाळावर कण्हेरीचा काढा, म्हणे नैसर्गिक!

देवगडकर: काल इथे एकाने लिहिलंय की विहीर हिरवी झाली की कण्हेरीची पानं उकळून ते पाणी ओता, शेवाळ मरतं, 'केमिकल नाही म्हणजे धोका नाही'. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो कण्हेरीत ओलिअँड्रिन असतं, थेट हृदयावर जाणारं विष, उकळून ते जात नाही. ज्या अर्काने शेवाळाची पेशी मरते, तो पेशीबरोबर संपतो का? तेच पाणी घरातली पोरं पितात.

सड्यावरचा: काढा मीच सुचवला होता. लॅबमध्ये बाटलीभर क्लोरेला शेवाळावर दाट अर्क ओततात, मग डीएनए तुटला म्हणून ओरडतात. विहिरीत हजारो लिटर पाणी असतं, मात्रा बघा. आणि ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते ते काय अमृत?

कुडाळची माई: टीसीएलचं माप ठरलेलं असतं, नंतर ओटी टेस्ट करून, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंगावरून, उरलेलं क्लोरीन बघतात. काढ्याचं माप कोण काढणार? प्रत्येक झाडात विष कमीजास्त. आणि कण्हेरीचं निघालंच आहे तर सांगते, आमच्या शेजारच्या बंगल्यावाल्याने कुंपणाची छाटणी गडग्याबाहेर टाकली, ती सुकली, आमच्या पाडीने खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत गेली. साधी विचारपूससुद्धा नाही!

मुंबई-मालवण: सगळे बंगलेवाले तसे नसतात. खाऱ्या वाऱ्यात दुसरं काय टिकतं सांगा, आणि ओली कण्हेर गुरं सहसा खात नाहीत म्हणूनच लावतात. देवळाच्या आवारात पिढ्यान्पिढ्या आहे, महादेवाला वाहतो आपण, तेव्हा कोणी बोलत नाही.

कुडाळची माई: देवळातली छाटणी गुरांच्या वाटेवर कोणी टाकत नाही. ओली कडू लागते म्हणून सोडतात, सुकलेली खातात, हे माहीत नसेल तर लावू नका.

देवगडकर: माई, पाडीचं वाईट वाटलं, पण विहिरीकडे येऊ. सड्यावरचे, मात्रेचा मुद्दा खरा आहे, पण तो दोन्हीकडून लागतो. शेवाळ मरेल इतका काढा टाकला तर तो पाणी पिणाऱ्याला थोडा कसा? आणि कॉमेट टेस्टमध्ये, म्हणजे पेशीतला डीएनए तुटलाय का ते बघायच्या लॅबमधल्या चाचणीत, तुटलेल्या डीएनएची शेपटी दिसते तशी विहिरीत दिसत नाही, पाणी स्वच्छच दिसतं. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजताना ऑक्सिजन खातं, विहिरीतले मासे तडफडतात. गाळ काढा, वरून ऊन अडवा, शेवाळ आपोआप कमी होतं.

सड्यावरचा: बरं, पिण्याच्या विहिरीत नको, एवढं मानतो. बागेच्या टाकीत मात्र टाकणार.

देवगडकर: टाकी भरून वाहते ती कुठे जाते? जांभ्यात झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीतच ना?