ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरने द्राक्षबागेत फवारणी: पानांच्या मागे औषध पोहोचत नाही, हिशेब कुठे चुकतो?

गोदाकाठ यांचा प्रश्न:

निफाड तालुक्यात माझी थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. मांडव वाय आकाराच्या आधाराचा असून दोन ओळींत नऊ फूट अंतर आहे. आजवर एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि हातात धरायच्या गनने फवारणी करत होतो. यंदा ट्रॅक्टरमागे ओढायचा 600 लिटर टाकीचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध उडवणारे यंत्र) घेतला. विक्रेत्याने यंत्र चालवून दाखवले आणि "दाब भरपूर ठेवा, धुके दिसले की औषध बसले" एवढेच सांगितले. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या वेळेवर होऊनही आतल्या पानांच्या मागच्या बाजूला केवडा रोगाची पांढरी बुरशी दिसते, आणि बाहेरची पाने मात्र ओघळ येईपर्यंत भिजलेली असतात. भरलेल्या टाकीत कधी दीड एकर होते, तर कधी एकरभरच. ट्रॅक्टरला केबिन नाही आणि तो पुतण्या चालवतो, त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेचीही काळजी वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

यंत्रशाळा यांचे उत्तर:

एका टाकीत कधी दीड एकर आणि कधी एकर होतो, याचा अर्थ वेग किंवा दाब यांपैकी एक तरी दर वेळी बदलतो आहे. औषध बदलण्याआधी टाकीत निव्वळ साधे पाणी भरून पुढील मोजणी करावी.

नऊ फुटी ओळींत एका एकराला साधारण 4840 फूट चाल पडते. ताशी 4 किलोमीटर वेगाने तेवढे अंतर कापायला सुमारे 22 मिनिटे लागतात. एकरी 400 लिटर पाणी द्यायचे असेल, तर सर्व नोझलमधून मिळून मिनिटाला साधारण 18 लिटर पाणी बाहेर पडले पाहिजे. बारा नोझल चालू असतील, तर प्रत्येकातून दीड लिटर. हे गणित प्रत्येक ओळीतून ट्रॅक्टर जात असेल तरच लागू आहे, एक ओळ सोडून जात असाल तर नाही.

वेग बागेतच मोजावा, डांबरी रस्त्यावर नव्हे, कारण वाफशावर चाक घसरते. शंभर मीटरवर दोन खुणा करून अर्धी टाकी भरलेला ब्लोअर ओढत न्यावा. 90 सेकंद लागले, तर वेग बरोबर चार किलोमीटर आहे. इंजिनाचे फेरे पीटीओला (ट्रॅक्टरमागचे यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टला) मिनिटाला 540 मिळतील तेवढेच ठेवून वेग फक्त गिअर बदलून साधावा. बरेच जण वेग कमी करण्यासाठी ॲक्सिलरेटर कमी करतात, पण त्याने पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. तुमच्या बागेत आत औषध न पोहोचण्याचे ते एक कारण असू शकते.

नोझलचे पाणी मोजताना पंखा त्याच्या क्लचने बंद ठेवावा, प्रत्येक नोझलला नळीचा तुकडा लावून मिनिटभराचे पाणी मोजपात्रात घ्यावे. नव्या नोझलच्या मापापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी देणारे नोझल झिजलेले समजून बदलावे. कमी देत असेल तर गाळणी तपासावी. तार खुपसून छिद्र साफ करू नये, जुना दात घासायचा ब्रश पुरतो. आणि दाब वाढवून पाणी वाढवण्याच्या फंदात पडू नये: पाणी दुप्पट हवे असेल, तर दाब चौपट करावा लागतो, आणि त्या दाबाला थेंब इतके बारीक होतात की पानावर बसण्याऐवजी शेजारच्या शेतात जातात. विक्रेत्याचे ते "धुके" म्हणजे बहुतांशी हेच वाया गेलेले औषध.

माणिकचमन यांचे उत्तर:

वरील हिशेबाशी सहमत आहे, पण गोदाकाठ दादांची खरी अडचण हवेची आहे असे मला वाटते. ब्लोअरमध्ये थेंब आत नेण्याचे काम हवा करते, दाब नव्हे. वेलीच्या आतली हवा बाहेर पडून तिच्या जागी औषधाची हवा शिरली पाहिजे, आणि ती पलीकडे जेमतेम बाहेर आली की पुरे. झोत फार जोराचा असला, तर बाहेरची पाने एकावर एक चिकटून भिंतच तयार होते आणि आत काहीच जात नाही. ट्रॅक्टर जोरात पळवला, तरी आतली हवा बदलायला वेळ मिळत नाही.

तपासणी सोपी आहे. पाणी लागले की पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. त्याचे तुकडे आतल्या पानांना, निम्मे वरच्या बाजूला आणि निम्मे खालच्या बाजूला, टाचावेत आणि साध्या पाण्याने एक फेरी मारावी. खालच्या बाजूच्या तुकड्यांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण केवडा पानाच्या मागच्या रंध्रांतूनच शिरतो. तुकडा पूर्ण निळा झाला तर पाणी जास्त होऊन ओघळते आहे; सर्वत्र सुटे ठिपके दिसले तर काम झाले. त्यानुसार नोझलचे तोंड आणि पंख्याचा वेग बदलावा. पोंग्याच्या (कोवळी फूट नुकती निघण्याच्या) अवस्थेत जे नोझल वेलीच्या वरून आकाशात फवारतात ते बंदच ठेवावेत. गच्च कॅनॉपीत (पानांच्या दाटीत) मात्र फेलफुटी, म्हणजे जादा फुटी, काढून हवा खेळती केल्याशिवाय कोणतेही यंत्र आत पोहोचत नाही.

गोदाकाठ:

फार उपयुक्त माहिती मिळाली, आभारी आहे. एक शंका राहिली. गनने एकरी 600 लिटर पाणी लागत असे आणि आम्ही 200 लिटरच्या बॅरलला ठरलेले औषध टाकत असू. आता पाणी 400 लिटर झाले, तर बॅरलचे प्रमाण तेच ठेवावे का?

यंत्रशाळा:

नाही. प्रमाण तेच ठेवले, तर तीन बॅरलऐवजी दोनच बॅरलचे औषध एकराला पडेल, म्हणजे मात्रेचा एक तृतीयांश भाग कमी होईल. लेबलवर हेक्टरी मात्रा दिलेली असते. तिला अडीचने भागून एकरी मात्रा काढावी आणि ती 400 लिटरमध्ये मिसळावी. लेबलच्या वर जाऊ नये, विशेषतः माल निर्यातीचा असेल तर, कारण उर्वरित अंशाची तपासणी आणि काढणीपूर्व कालावधी हे दोन्ही त्या मात्रेवरच ठरलेले असतात.

शिवारातली_ताई यांचे उत्तर:

पुतण्याबद्दल लिहिते. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर मागचा फवारा चालकाच्या पाठीवर येतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, चष्मा आणि औषधाच्या वाफेला चालणारा मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की औषध उलट तोंडाशी धरून ठेवतो. सर्वांत जास्त धोका मात्र औषध मिसळताना असतो, कारण तेव्हा ते पाण्याविना, पूर्ण तीव्रतेचे असते. त्या वेळी नायट्राईलचे हातमोजे आणि ॲप्रन घालावेच. मध्येच तंबाखू मळणे बंद. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. डब्यावरील त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल, तर अधिक सावध राहावे. मळमळ, घाम किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर काम थांबवून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि लेबलसह रुग्णालयात जावे, म्हणजे डॉक्टरांना नेमके औषध कळते.

पीटीओच्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढून टाकलेले मी अनेक शेतांत पाहिले आहे. ते फिरते राहू देऊ नये, साखळीने बांधलेले असावे, आणि नोझल साफ करायला उतरताना पीटीओ बंद करून किल्ली खिशात घ्यावी. ओळीच्या टोकाला वळताना फवारा आणि पीटीओ दोन्ही बंद ठेवावेत. तीव्र वळणात फिरता शाफ्ट तुटतो आणि औषध बांधावर पडते. भरलेली टाकी म्हणजे 600 किलो पाणी, आणि अर्धी भरलेली टाकी हिंदकळते, म्हणून उतारावर गिअर काढून गाडी सोडू नये. विहिरीवरून भरताना पाइपाचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवू नये, नाहीतर मोटर बंद पडताच औषधाचे पाणी उलटे विहिरीत ओढले जाते. वारा पाने सतत हलवत असेल, तर थांबावे. रिकाम्या बाटल्या तीनदा खळबळून ते पाणी टाकीतच घालावे आणि बाटल्यांना भोके पाडून ठेवावे.