नववीतली गळती वर्कशॉपने थांबेल का?

खडूफळा: दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या नववीत दोन-तीन बाकं रिकामी असतात. कोणी आईबापाबरोबर ऊसतोडीला, कोणी गॅरेजात. घरी गेलं की ऐकावं लागतं, "गुरुजी, त्याचं डोकंच चालत नाही पुस्तकात." मला ते पटत नाही. आमच्याकडे आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा असतो. कोंबड्यांच्या खुराड्याचा पाया आखताना, गणितात कायम नापास होणाऱ्या एका मुलाने दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा केल्या, खुंट्या ठोकल्या आणि कोपरा बरोबर गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणला. वडील गवंडी, त्यांचं पाहून शिकलेला. पायथागोरस मी तिथेच मातीत शिकवला. तो दहावीला बसला आणि पासही झाला.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने. अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती, गृह-आरोग्य, सगळं करत करत शिकायचं. हे प्रत्येक माध्यमिक शाळेत हवं.

साळुंकी: गुरुजी, तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. "तुला हातकाम छान जमतं" म्हणून मला शिवणाला बसवलं, तेव्हा स्कॉलरशिपच्या तासाला दुसऱ्या मुली होत्या. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच मुलींना हातकाम छान जमायचं! १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. जातीचा धंदाच पुन्हा गळ्यात मारताय, म्हणून लोक खवळले. पुढच्या वर्षी नवे मुख्यमंत्री कामराजांनी ती रद्द केली.

रानवाट: दोघांचंही खरं आहे, पण आधी यंत्र चालवणारा माणूस द्या. आमच्याकडे थ्रीडी प्रिंटर वर्षभर खोक्यात आहे. निदेशक तासिका तत्त्वावर होता, मानधन थकलं, गेला. आणि मुलींची गळती? एसटीचा पास मोफत आहे, पण शाळा सुटायच्या वेळेला गाडीच नाही. तिथे वेल्डिंग मशीन काय करणार?

खडूफळा: गाडीचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. साळुंकीताई, तुमच्यावर झाला तो अन्यायच. म्हणून आमच्याकडे निवड नाही. सरपंचाचा मुलगाही वेल्डिंग करतो, भाकरीही थापतो. मुलीही वायरिंग करतात.

साळुंकी: मग ही सक्ती शहरातल्या महागड्या शाळांपासून सुरू करा, पहिली टाळी माझी. आणि एक सांगा, तो दोरीवाला मुलगा आता कुठे आहे?

खडूफळा: आयटीआयला, इलेक्ट्रिशियनला. अकरावी सायन्सला जाण्याइतके गुण होते. वडील "नको" म्हणाले, आणि मीही दुसऱ्यांदा त्यांच्या घरी गेलो नाही. जायला हवं होतं.