दाजीपूरचा मुक्काम आणि देवगडचा किनारा एकाच सहलीत: बंद करायला हवं की नको?

शाहूपुरीकर
हिवाळा लागला की आपल्याकडं प्रत्येक ग्रुपचा एकच बेत. शनिवारी दुपारी कोल्हापूर सोडायचं, रात्री दाजीपूरला मुक्काम, रविवारी पहाटे जीपमधनं गवा बघायचा, नऊला फोंडा घाट उतरायचा, दुपारी कुणकेश्वर, संध्याकाळी देवगड आणि रात्री त्याच घाटानं परत. माझं म्हणणं सरळ आहे. ही जोडसहल बंद करा. जंगल करायचं तर जंगलच करा, समुद्रासाठी वेगळी सुट्टी काढा.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही असेच परतत होतो. रात्रीचे साडेअकरा. घाट चढून वर आलो, पुढं सरळ रस्ता दिसला म्हणून वेग वाढवला. डावीकडनं भेकर आलं. ब्रेक दाबेपर्यंत धडक बसली होती. उतरून बघितलं तर मादी. मागचे पाय हलत नव्हते, पोट भात्यासारखं वर-खाली होत होतं, डोळे उघडे. मदतीसाठी फोन लागेपर्यंत ती गेली. बंपरला तिचे तांबूस केस चिकटले होते, ते मी घरी येऊन पुसले. गाडी मीच चालवत होतो.

दाजीपूर १९५८ साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९८५ साली राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. आपण त्याला समुद्राकडं जाताना लागणारा थांबा करून टाकलाय.

तिट्ट्यावरचा
भेकराचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, निष्कर्ष चुकलाय. या रस्त्याचं नावच देवगड-निपाणी आहे. जंगल आणि समुद्र त्यानं आधीच जोडलेत. हंगामात हापूसच्या पेट्या त्याच रस्त्यानं वर येतात, मासळीच्या गाड्याही येतात. पर्यटकांनी सहल मोडली म्हणून रस्ता रात्री मोकळा होणार नाही. धडक वेगानं झाली, सहलीनं नाही.

आणि वेगळी सुट्टी काढा म्हणणं सोपं आहे. मी एमआयडीसीत कामाला आहे. शनिवारी दुपारी सुटतो, सोमवारी सातला हजर. माझ्या आईनं साठाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला, तोही अशाच सहलीत. सकाळी सड्यावर, म्हणजे जंगलातल्या उघड्या पठारावर गवा, दुपारी कुणकेश्वर. खारट असतंय म्हणतात ते खरं का, म्हणून तिनं बोट बुडवून चाखून बघितलं. दोन सुट्ट्यांची वाट बघत बसलो असतो तर ते राहूनच गेलं असतं.

राधानगरीचा जीपवाला
दोघांनाही सांगतो. जाहिरातीत 'नाईट सफारी' वाचून लोक येतात, पण इथं रात्री गाडी आत जात नाही. मचाणावरची रात्र मिळते ती बुद्ध पौर्णिमेला, पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी. बाकीच्यांचा मुक्काम जंगलाबाहेर. त्यातले काही एक वाजेपर्यंत स्पीकर लावतात आणि पहाटे विचारतात, गवा दिसणार ना नक्की?

नऊला घाट उतरायचाय म्हणून घाई करणारी गिऱ्हाइकं मला नको वाटतात. सावराई सड्याच्या कडेला गाडी बंद करून अर्धा तास गप्प बसलं की आधी फुस्स आवाज येतो, मग कारवी हलते, मग पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसतात. टनाच्या घरातलं जनावर, पण पाचोळा वाजत नाही. घाईतल्या माणसाला यातलं काही मिळत नाही. तरी सहल बंद करा म्हणू नका. पावसाळ्यात जंगल बंद, उरलेल्या महिन्यांत शनिवार-रविवारवरच आमची घरं चालतात.

डोंगरकडेचा शेतकरी
तुम्ही पैसे देऊन बघता तो गवा आमच्या उसात रात्री फुकट येतो. त्याच्यावर राग नाही, भीती आहे. कुठं गवा दिसला की मोबाईल घेऊन त्याच्यामागं धावणारी गर्दी मी बघितली आहे. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गर्दीनं पळवून पळवून गव्याचा जीव गेला. सहल एकत्र करा नाहीतर वेगळी करा, गवा दिसल्यावर गाडीतनं खाली उतरू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

मिठबावची सून
माहेर कोल्हापूर, सासर देवगड तालुक्यात. किनारा म्हणजे गाडीच्या काचेतनं दिसणारी निळी पट्टी, असं इथं सगळ्यांनीच धरलंय. आमच्या जवळ तांबळडेगला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं जातात. किनाऱ्यावर हेडलाइट चालू ठेवून फोटो काढले की ती समुद्राऐवजी गाडीकडं वळतात. म्हणजे अंधार दोन्हीकडं सांभाळायचाय. शाहूपुरीकरांना फक्त जंगलाची रात्र दिसते.

आणि दुसऱ्या घाटानं जा असा सल्ला कुणी देऊ नये. करूळ, भुईबावडा, आंबोली, आंबा, यातला कुठला घाट जंगलाबाहेरनं जातो?

शाहूपुरीकर
कासवांचं मला माहीत नव्हतं. 'बंद करा' हा शब्द मागं घेतो. पण दिवस मावळायच्या आत घाटमाथा ओलांडायचा, नाहीतर खालीच मुक्काम करायचा, यावरनं मी हलणार नाही. तिट्टेवाले, वेग कमी ठेवला की झालं, असं तुम्ही म्हणाल. माझा ताशी साठच होता.

तिट्ट्यावरचा
मग देवगड तीनला सोडायला लागणार. आईला सूर्य समुद्रात बुडताना बघायचा होता, तो गेल्या वेळी बघितला आणि म्हणूनच परतायला रात्र झाली. ते सोडा, असं तिला कसं सांगू?

राधानगरीचा जीपवाला
उलटं करा की. शनिवारी दोनला मुदाळ तिट्ट्यावरनं निघालात तर उजेडातच घाट उतरता, सूर्यास्ताला कुणकेश्वरला पोचता. रात्री खाली राहा. रविवारी सकाळी चढून या, जंगल दुपारी करा. थंडीत गवे तीन-चारलाही सड्यावर असतात. अंधार पडायच्या आत राधानगरी गाठता येते.

शाहूपुरीकर
पण मग पहाटेचं जंगल गेलं. पहिली शीळ घालणारा कस्तूर पक्षी, धुक्यातला सडा, ते चारला मिळत नाही.

तिट्ट्यावरचा
आईला चारचं चालेल. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी दुपारची जीप धरून ठेवा, आम्ही तिघं आहोत. तिला मागं बसता येत नाही, गुडघे दुखतात, पुढची जागा मिळेल का ते कळवा.