703 चं बीगल साडेनऊला का रडतं? (नेरूळ, सोसायटी ग्रुप)

बी-603: साडेनऊ वाजले की वर सुरू. ऊऽऽऽ! सेक्रेटरी, कुत्रं ठेवायचं नाही असा ठरावच करून टाका.

सेक्रेटरी: काका, तसा ठराव टिकणार नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या सूचना आहेत. भुंकतं म्हणून बंदी नाही, लिफ्टही नाकारता येत नाही.

सी-204 (व्हेट): काका, हे भुंकणं नाही, हेल काढणं आहे. बीगल म्हणजे इंग्लंडात सशामागे टोळीनं धावणारं कुत्रं. झुडपात दिसेनासं झालं तरी मागच्या शिकाऱ्याला कळावं म्हणून असा गळा. टोळीतलं जनावर एकटं पडलं की तोच गळा काढतं. मालक गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत सुरू झालं तर बहुधा भीती, दोन-तीन तासांनी झालं तर बहुधा कंटाळा. 703, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बघा.

बी-703: लावलं होतं डॉक्टर. सातव्या मिनिटाला सुरू. दाराच्या खालच्या पट्टीवर ओरखडे, फरशीवर लाळ. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा मागवू का?

सी-204: अजिबात नको! घाबरलेल्याला झटका दिला की भीती दुप्पट. हेल थांबेल कदाचित, पण पंजे कुरतडत बसेल. किल्ली उचला, चपला घाला आणि परत सोफ्यावर बसा. दिवसात आठ-दहा वेळा, त्यानं मान वर करणं सोडेपर्यंत. मग दाराबाहेर 10 सेकंद, 30, एक मिनिट, तीन. रडलं म्हणजे वेळ जास्त झाली, पुढच्या खेपेला निम्म्यावर या. आणि हे चालू असेपर्यंत त्याला खरोखर एकटं ठेवायचं नाही. सगळे इथेच चुकतात. सकाळी सराव आणि दिवसभर कुलूप, मग महिनाभराची मेहनत पाण्यात.

ए-401: आमच्याकडे आणून सोडा दिवसा, मी घरीच असते.

डी-102 (ट्रेनर): सकाळच्या फेरीत ओढत नेऊ नका. 40 मिनिटं काढा, त्यातली निम्मी नुसतं हुंगू दे. याचं डोकं नाकानं दमतं, पायांनी नाही. छातीवर वाय आकाराचा हार्नेस, तीन मीटरचा पट्टा, आणि पट्टा सोडायचा नाही. पाम बीच रोडला नाक एकदा जमिनीला टेकलं की हाक ऐकूच येत नाही. निघताना जुन्या टॉवेलच्या घड्यांत सकाळचं खाणं गुंडाळून द्या.

सी-204: पण मोजून! 10 किलोच्या बीगलला कोरडं खाणं दिवसाला 150 ते 170 ग्रॅम, दोन वेळांत, टॉवेलमधलं त्यातच धरून. गेटवर सगळे बिस्किटं देतात. एका ग्लुकोज बिस्किटाच्या वीस-पंचवीस कॅलरी, दहा झाली की तिसरा हिस्सा जेवण झालं. बीगल 'पुरे' म्हणत नाही. हात फिरवून बरगड्या लागत नसतील तर वजन जास्त आहे, आणि याचा ताण पाठीच्या मणक्यांवर येतो.

बी-703: कान सारखा खाजवतो, त्याचं काय?

सी-204: लोंबते कान, त्यात आपली दमट हवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा औषधी क्लीनर घाला, कानाचं मूळ 30 सेकंद चोळा, डोकं झटकू द्या, वर आलेलं कापसानं पुसा. इअरबड नको. आंबूस वास किंवा तपकिरी मळ दिसला तर घरी काही न घालता दाखवायला आणा.

सेक्रेटरी: वॉचमनना बिस्किटं बंद करायला सांगतो.

ए-401: डॉक्टर, गाजर चालेल ना?

सी-204: चालेल ताई, बोटाएवढं. द्राक्षं, मनुका, कांदा मात्र चुकूनही नको.