फ्रोजन शोल्डर: ताण केव्हा आणि किती

फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजे खांद्याचा सांधा दुखून आखडतो तेव्हा, ‘दुखले तरी हात जोर लावून ताणत राहावे’ असा सल्ला दिला जातो. तो सरसकट लागू पडत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात, जेव्हा दुखऱ्या कुशीवर वळताच झोपमोड होते, तेव्हा सांध्याच्या आवरणाला दाह असतो आणि जबरदस्तीने ते उलट चिडते. त्या काळात पुढे वाकून हात लोंबता सोडावा व हलकेच झुलवावा, एवढे पुरे. रात्रीचे दुखणे ओसरल्यावर मात्र खांदा शेकून, कोपर कमरेशी टेकवून, काठीने पंजा बाहेरच्या बाजूला ढकलावा आणि २०-३० सेकंद धरावा. हीच हालचाल सहसा सर्वांत जास्त आखडते, आणि (भिंतीवर बोटे वर चढवत नेण्याच्या व्यायामातच समाधान मानल्यामुळे) नेमकी तीच राहून जाते. व्यायामानंतरची ठणक लवकर शमली नाही, तर दुसऱ्या दिवशी ताण कमी करावा.